उरलेल्या वेळेची लोकल



स्मृती-व्याख्यानाला साहित्य, इतिहास, संतविचार असे विषय शोभतात. मी लोकलचे वेळापत्रक घेऊन उभा आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांचा चेहरा क्षणभर बदलला होता, ते मी पाहिले. पण मावळात सभा रंगात आली की मागच्या रांगा घड्याळाकडे बघू लागतात, त्या दर वेळी वक्त्याला कंटाळूनच बघतात असे नाही. शेवटची लोकल गाठायची असते. तेव्हा विषय अगदीच परका नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

परदेशाशी तुलना आपण फार करतो. तळेगाव, वडगाव, लोणावळ्यातल्या बऱ्याच घरांतली मुले आता बाहेर आहेत. दिवाळीला येतात, हौसेने एकदा लोकलने जातात आणि घरी येऊन सांगतात की तिकडे असे नसते. तिकडे डबे गार असतात, दारे आपोआप मिटतात, फलाटावर पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते दिसते. आपण मान डोलावतो. ‘तिकडे’ म्हणजे नेमके कुठे, आणि तिथे हे कशामुळे जमले, हे विचारायचे राहून जाते. ते आज विचारू.

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण आपली सर्वांत जास्त मुले तिथे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे अशी कॅलट्रेन नावाची गाडी धावते. अंतर सुमारे ७७ किलोमीटर. आपले पुणे-लोणावळा ६४. तो लोहमार्ग १८६३-६४ मधला, म्हणजे आपला बोरघाट पुरा झाला त्याच सुमाराचा. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल ही त्या मार्गावरची गावे आता मराठी घरांना पिंपरी-चिंचवडइतकी सवयीची झाली आहेत. जगाला संगणकाचे तंत्र पुरवणाऱ्या या पट्ट्यात गाड्या अगदी परवापर्यंत डिझेल इंजिनावर धावत होत्या. तिथे डोक्यावर वीजतार येऊन सगळ्या गाड्या विजेवर धावू लागल्या त्या २०२४ च्या सप्टेंबरात. आपल्या मावळातून विजेवर गाडी धावते आहे १९२९ पासून. पंचाण्णव वर्षे आधीपासून!

इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण गोष्टीचा उत्तरार्ध तेवढा सुखाचा नाही. तिकडे विजेच्या गाड्या आल्या त्यांच्याबरोबरच नवे वेळापत्रक आले. दर अर्ध्या तासाला गाडी, शनिवार-रविवारीसुद्धा. पूर्वी सुट्टीच्या दिवशी तासाला एकच असे. आपल्याकडे तार येऊन शतक भरत आले, आणि भर दुपारी कान्हे स्टेशनात पोचलेला माणूस अजून पानवाल्याला विचारतो, “पुढची कधी आहे हो?” तार आपल्याला आधी मिळाली, वेळापत्रक अजून मिळायचे आहे.

घाटाबद्दल थोडे सविस्तर बोलतो. ते मावळच्या माणसाचे दुखणे आहे आणि अभिमानही. १८५८ च्या जूनमध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे सुरू झाली. मुंबईकडचा मार्ग त्याआधीच, १८५६ मध्ये, खोपोलीपर्यंत आला होता. मधे घाट. उतारू तो पालखीतून, तट्टावरून किंवा पायी पार करीत आणि वर-खाली दुसरी गाडी धरीत. बोरघाटाचा चढ फोडायला आणखी पाच वर्षे गेली. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर डोंगरात राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांतले हजारो मेले, त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अॅलिस हिने ठेका पुढे चालवला. पंचवीस बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि खंडाळ्याजवळ ते प्रसिद्ध रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडीचे तोंड शेपटीकडे करून पुढचा चढ घ्यावा लागे. १८६३ मध्ये मुंबई-पुणे सलग जोडले गेले. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली नव्या वळणामुळे निकालात निघाले, त्याच वर्षी वीज आली आणि १९३० च्या जूनमध्ये डेक्कन क्वीन.

आता आजचा नकाशा पाहा. पुण्याची लोकल लोणावळ्याला संपते. मुंबईची लोकल कर्जतला आणि खोपोलीला संपते. मधे २८ किलोमीटर घाट, त्यात जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे फक्त रेल्वेच्या माणसांना आणि ट्रेकला जाणाऱ्यांना माहीत. कामशेतच्या माणसाला कर्जतला जायचे तर लोणावळ्यापर्यंत लोकल, पुढे एखादी एक्स्प्रेस मिळाली तर तिच्या जनरल डब्यात दारात उभे राहून. एक्स्प्रेसने जाणाऱ्याचे १८६३ साल उजाडले. लोकलवाल्यापुरते आपण अजून १८५८ मध्येच आहोत. पालखी तेवढी गेली.

घाटच अवघड, त्याला कोण काय करणार, असे यावर म्हटले जाते. अवघड आहेच. चढताना मागून लोटायला जादा इंजिने लावावी लागतात, उतरताना ब्रेकची तपासणी करावी लागते, गाडी सुटली तर तिला अडवायला कॅच सायडिंग ठेवावी लागतात, आणि पावसाळ्यात दरडी. पण हा चढ जगात एकट्या आपल्याच वाट्याला आलेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स ओलांडणारा गॉटहार्डचा लोहमार्ग १८८२ मध्ये सुरू झाला. त्याचा सर्वांत उभा चढ हजार मीटरला सुमारे सत्तावीस मीटर, म्हणजे जवळजवळ नेमका आपल्या घाटाइतका. तिथे बर्फ पडते, कडे कोसळतात. त्या मार्गासाठी त्यांनी लांब नाकाची, सांधे असलेली विजेची इंजिने बनवली. लोक त्यांना मगर म्हणू लागले. आणि बोरघाटात वीज आली तेव्हा मालगाड्या ओढायला त्याच घाटणीची एकेचाळीस इंजिने मागवली गेली, त्यांतली पहिली दहा थेट स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून. आपल्या लोकांनी त्यांना खेकडा म्हटले. जुन्या लोणावळेकरांना त्यांचे ते कण्हत घाट चढणे अजून आठवते. मगर आणि खेकडा, दोन्ही एकाच कुळातली, सारख्याच चढावर कामाला लागलेली.

गॉटहार्डखाली २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा नवा बोगदा झाला. जलद गाड्या आणि मालगाड्या तळातून जाऊ लागल्या. डोंगरावरचा जुना मार्ग बंद करायचे ठरले असते तर हिशेबाने ते चुकीचे म्हणता आले नसते, वरची खेडी छोटी आहेत. पण त्यांनी तो ठेवला. डिसेंबर २०२० पासून त्या जुन्या चढावरून तासाला एक साधी प्रवासी गाडी जाते. इंजिन नसलेली, आपल्या लोकलसारखी डब्याखालीच मोटर असलेली. गावोगाव थांबत. तीच सत्तावीसची चढण. सगळ्या गोष्टी इथे तशाच उचलून आणता येतील असे मी म्हणत नाही. त्या गाड्या नव्या, वेगळ्या बांधणीच्या आहेत, आणि आपल्या घाटातली वाहतूक त्यांच्या डोंगरावरच्यापेक्षा कितीतरी अधिक. माझे म्हणणे एवढेच की चढ हे पूर्ण उत्तर नाही.

आता लोकलकडे. पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ रोजी सुरू झाली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि आकुर्डीच्या बजाज ऑटोपर्यंत सगळी कामगारवस्ती या रुळांच्या कडेने वाढलेली. पहिल्या पाळीला जाणारे, तिसऱ्या पाळीवरून येणारे, दुधाचे कॅन घेऊन निघालेले मावळचे शेतकरी, कॉलेजची मुले, वडगावच्या कचेरीत आणि कोर्टात तारखेला येणारे पक्षकार, शनिवारी मळवलीला उतरून भाजे, लोहगड, विसापूरला निघालेली तरुण मंडळी. पुणे धरून सतरा स्टेशने, सुमारे एक तास वीस मिनिटे, आणि पूर्ण प्रवासाचे साधे तिकीट १५ रुपये. पंधरा रुपयांत ६४ किलोमीटर नेणारी गाडी श्रीमंत देशांत सापडणे कठीण. स्वित्झर्लंडमध्ये तेवढ्याच अंतराचे पूर्ण दराचे तिकीट वीस फ्रँकांच्या पुढे जाते, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. देशभर कुठेही फिरता येणारा त्यांचा वार्षिक पास चार हजार फ्रँकांच्या आसपास आहे. तेव्हा परदेशातले सगळे इथे हवे म्हणणाऱ्याने तिकिटाची रक्कमही मोठ्याने वाचून दाखवावी.

गाडीत उणिवा आहेत. एवढ्या प्रवासात स्वच्छतागृह नाही. लोणावळ्याहून ससून रुग्णालयात तपासणीला निघालेल्या बाईला आणि साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्याला याचा अर्थ काय, ते पुरुष अधिकाऱ्यांच्या बैठकीत सहसा निघत नाही. डबे जुने आहेत. पण मला विचाराल तर दुखणे डब्यात नाही. लोकल कमी आहेत, आणि जेव्हा हव्या तेव्हा नाहीत. दिवसभरात दोन्ही बाजूंच्या मिळून चाळीसच्या आसपास फेऱ्या. सकाळ-संध्याकाळ बऱ्यापैकी जवळजवळ, आणि दुपारी मोठी पोकळी. कित्येक वर्षे दुपारी दोन-तीन तास एकही लोकल नसे, कारण तो वेळ रुळांच्या देखभालीच्या ब्लॉकचा. पासधारकांनी निवेदने देऊन देऊन अखेर २०२४ च्या सुरुवातीला दुपारची एक फेरी मिळवली. एक! त्या बातमीचे पेढे वाटणे बाकी होते. मुंबईत मध्य रेल्वेच्या लोकलच्या रोजच्या फेऱ्या अठराशेच्या घरात आहेत. मुंबईशी बरोबरी कोणी मागत नाही, पण चाळीस आणि अठराशे यांच्या मधे बरीच जागा आहे.

दुपारच्या पोकळीचे नुकसान कोणाचे? कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्याचे नाही. अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांचे, सकाळच्या सत्राचे कॉलेज संपलेल्या मुलींचे, दवाखान्यात जाणाऱ्यांचे, बाजारहाट करणाऱ्यांचे. गाडी फक्त कामगाराच्या येण्या-जाण्याच्या वेळी असली की ती गावाची राहत नाही, कारखान्याची होते. कारखान्यांनीही आता आपापल्या बस ठेवल्या आहेत. मुलांनी मोटारसायकली घेतल्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सकाळी दोन चाकांची जी रांग दिसते, तिच्यात लोकलने सोडून दिलेले उतारू किती असतील याचा अंदाज करावा. मग रेल्वे म्हणते की दुपारी माणसेच नसतात.

याला दुसरी बाजू आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुणे-लोणावळा हे दोनच रूळ आहेत, एक जायचा, एक यायचा. त्यांवरून मुंबईहून सोलापूर, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, कोल्हापूर या सगळ्या दिशांच्या गाड्या जातात, शिवाय मालगाड्या. रात्री लांबच्या गाड्यांची वर्दळ, म्हणून देखभाल दिवसा. मागून एक्स्प्रेस येत असली की लोकल मधल्या एखाद्या स्टेशनात बाजूला घ्यायची आणि तिला पुढे सोडायचे. लोकलच्या मोटरमनचा किंवा स्टेशनमास्तरांचा यात काही दोष नाही. रीतच तशी पडली आहे. आधी मेल-एक्स्प्रेस बसवायच्या, मग मालगाड्या, मग ब्लॉक, आणि या सगळ्यांतून जी चिरफळी उरते तिच्यात लोकल. ६४ किलोमीटरचा रोजचा प्रवास उरलेल्या वेळेवर चालतो.

स्वित्झर्लंडमध्ये हा क्रम उलटा आहे, आणि मला वाटते खरा फरक इथे आहे. १९८२ च्या मे महिन्यात त्यांनी देशभर नवे वेळापत्रक लावले. नियम असा की मुख्य मार्गांवर तासाला एक गाडी, आणि तीही रोज त्याच मिनिटाला. ७.१२ ची असेल तर ८.१२, ९.१२, दुपारी १.१२, रात्री ९.१२. एक आकडा लक्षात ठेवला की झाले. पुढे १९८७ च्या डिसेंबरात त्यांनी लोकांसमोर ‘रेल्वे २०००’ नावाची योजना मतदानाला ठेवली आणि लोकांनी ती मंजूर केली. तिच्यात अगदी साधी कल्पना होती. मोठ्या जंक्शनात सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या काही मिनिटे आधी याव्यात, माणसांनी फलाट बदलावा, आणि ठोका पडल्यावर काही मिनिटांत सगळ्यांनी सुटावे. म्हणजे कोणालाही कुठे अर्धा तास खोळंबायला नको. त्यासाठी झ्युरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत बसणे भाग होते, तो बसत नव्हता. मग त्यांनी मधे नवा मार्ग बांधला, २००४ मध्ये तो सुरू झाला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आला. ४५ मिनिटांवर आणायचा हट्ट धरला नाही, कारण त्याने वेळापत्रकाला काही मिळणार नव्हते.

हे नीट लक्षात घ्यायला हवे. त्यांनी आधी कागदावर वेळापत्रक लिहिले आणि मग त्याला लागतील तेवढेच रूळ टाकले. आपण आधी रूळ टाकतो, उद्घाटन करतो, हिरवी झेंडी दाखवतो, आणि मग त्यावर कुठल्या गाड्या धावतील ते नंतर बघू म्हणतो.

आणि हे करणारा देश किती मोठा? लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती. मावळ तालुक्याचीच पावणेचार लाखांच्या वर. तेव्हा आपल्याकडे माणसे फार म्हणून जमत नाही, ही सबब पुणे जिल्ह्यापुरती टिकत नाही. माणसे फार असणे हे रेल्वेच्या पथ्यावरच पडते. विरळ वस्तीत गाडी चालवणे खरे कठीण. स्वित्झर्लंडमधल्या छोट्या स्टेशनाबाहेर पिवळी पोस्टबस गाडीची वाट बघत उभी असते आणि उतारू आत बसले की वरच्या खेड्याकडे निघते. इथे कामशेतला लोकलमधून उतरून पवनानगरला जाणाऱ्याने एसटीची वाट बघावी, नाहीतर वडापमध्ये मांडीला मांडी लावून बसावे. एसटीचे वेळापत्रक एका कार्यालयात, पुण्याच्या पीएमपी बसचे दुसऱ्या, रेल्वेचे तिसऱ्या. या तिघांची एकमेकांशी ओळख असल्याचे निदान त्यांच्या वेळांवरून तरी दिसत नाही.

आता पैशाचे. रेल्वेच्या तिकिटावर २०१६ पासून एक ओळ छापलेली असते, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला वसूल होतात. ती ओळ वाचून उतारूला उपकृत वाटावे असा छापणाऱ्याचा हेतू असावा. मला तसे वाटत नाही. स्वित्झर्लंडमध्येही गावोगावच्या गाड्यांचा साधारण निम्माच खर्च तिकिटातून निघतो. उरलेला निम्मा केंद्र सरकार आणि त्यांची प्रांतिक सरकारे, ज्यांना ते कँटन म्हणतात, वाटून घेतात. म्हणजे तोटा दोन्हीकडे आहे. पण तिथले कँटन तोटा भरताना हातात मागणीपत्र घेऊन बसते. अमुक मार्गावर, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, दर इतक्या मिनिटांनी गाडी पाहिजे. हे घ्या पैसे, आणि चालवली नाही तर हिशेब द्या. आपल्याकडे तोटा मालगाड्यांच्या उत्पन्नातून भागवला जातो, म्हणजे कोळसा आणि सिमेंट लोकलचे पैसे भरतात. जो पैसे भरतो त्याच्या गाडीला आधी वाट मिळते. मालगाडीपुढे लोकल थांबते तेव्हा त्यामागे हाही हिशेब असतो. पुण्याची महापालिका, पिंपरी-चिंचवडची महापालिका, जिल्हा परिषद, आपल्या नगरपरिषदा यांनी लोकलसाठी कधी काही दिले नाही, म्हणून त्यांना विचारायची रेल्वेला कधी गरज पडली नाही.

मुंबईत हे थोडे बदलले. १९९९ मध्ये रेल्वे आणि राज्य सरकार यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढले, ५१ टक्के रेल्वेचे आणि ४९ टक्के राज्याचे. त्याच्या सगळ्या कामांचे गोडवे गायची गरज नाही, पण राज्याला बैठकीत खुर्ची मिळाली. पुणे-लोणावळ्याला ती नव्हती.

जपानमध्ये आणखी एक तऱ्हा आहे. ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो नावाच्या माणसाने १९१० मध्ये एक छोटी खासगी रेल्वे सुरू केली. मार्ग जायचा तो शेतांतून, उतारू फारसे मिळणार नव्हते. त्याने मार्गालगतची जमीन आधी घेतली, तिथे घरे बांधून हप्त्यांवर विकली, दुसऱ्या टोकाला करमणुकीची जागा उभारली आणि १९२९ मध्ये शहरातल्या स्टेशनातच मोठे दुकान काढले. आता आपल्या तळेगावाकडे आणि वडगावाकडे बघा. स्टेशनपासून पाच मिनिटे, अशी जाहिरात करून किती मजली इमारती उभ्या राहिल्या! ती पाच मिनिटे रेल्वेने दिली. त्यांची किंमत बिल्डरने घेतली, रेल्वेला छदाम मिळाला नाही, आणि गिऱ्हाइकाला राहायला आल्यावर कळले की स्टेशन पाच मिनिटांवर आहे पण गाडी दीड तासावर. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घर घेणारा २०२२ पासून मेट्रोसाठी एक टक्का अधिभार भरतो. मेट्रो पिंपरीपासून शिवाजीनगरपर्यंत लोकलच्याच बाजूने जाते. तिथे दर काही मिनिटांनी गाडी येते आणि लोक कौतुकाने म्हणतात, अगदी परदेशासारखी. कासारवाडीच्या त्याच पट्ट्यात लोकल आणि मेट्रो शेजारी-शेजारी पाहिल्या की परदेश किती लांब आहे ते कळते. शंभर-दोनशे पावले.

परदेशाचे एवढे सांगितले तर तिथल्या खोटाही सांगायला हव्यात. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये बीचिंग यांच्या अहवालाने तोट्यातल्या मार्गांवर कुऱ्हाड चालवली, दोन हजारांवर स्टेशने बंद करायला सुचवली, आणि आता ते काही मार्ग प्रचंड खर्चाने पुन्हा उघडत आहेत. जर्मनीचे नाव आपण वक्तशीरपणासाठी घेतो. तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्या स्विस लोक बाझलच्या सीमेवरच थांबवतात, आपले वेळापत्रक विस्कटू नये म्हणून. आणि जपान. २०१७ मध्ये तिथल्या एका रेल्वेने गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून जाहीर माफी मागितली, ही बातमी आपल्याकडे चवीने वाचली गेली. पण त्याच देशात २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकीला एक लोकल वळणावर रुळांवरून उडून इमारतीत घुसली आणि १०७ माणसे गेली. तेवीस वर्षांचा मोटरमन आधीच्या स्टेशनात फलाट ओलांडून पुढे गेला होता, गाडीला दीड मिनिट उशीर झाला होता, आणि उशीर केल्याबद्दल तिथे अपमानास्पद शिक्षा होत असे. तो वेळ भरून काढत होता. वक्तशीरपणा असा माणसाच्या मानगुटीवर बसलेला मला नको. वेळापत्रकातच दोन मिनिटांची सैल असावी.

आता आपल्या हिशेबाला येतो. लोणावळा ते पुणे ८० मिनिटे धरा, टोकाला दहा मिनिटे थांबा. म्हणजे एक गाडी तीन तासांत जाऊन येऊन पुन्हा त्याच फलाटावर. दर अर्ध्या तासाला लोकल द्यायची तर सहा गाड्या लागतात, एक-दोन हाताशी राखीव. पहाटे पाच ते रात्री अकरा असे अठरा तास चालवल्या तर दोन्ही बाजूंच्या ७२ फेऱ्या होतात. सहा-आठ गाड्या. हा काही चंद्रावर जायचा खर्च नाही. अडचण रुळांची आहे, आणि तिथे आता हालचाल आहे. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी वर्षानुवर्षे होत होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. खर्चाचा निम्मा वाटा राज्याच्या बाजूने उचलायचा, आणि त्यात दोन्ही महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांनाही भागीदार करायचे, असे ठरले.

म्हणजे पहिल्यांदाच आपल्या जिल्ह्यातल्या संस्था लोकलसाठी पैसे मोजणार आहेत. कँटन जसे मोजते तसे. प्रश्न असा की मोजताना त्या काय मागून घेणार आहेत? नव्या दोन मार्गिका झाल्या आणि त्यांवर आणखी मालगाड्या आणि आणखी एक्स्प्रेस चढल्या, तर लोकलला पुन्हा उरलेलाच वेळ मिळेल, फक्त चार रुळांवरचा. हे होणार नाही असे समजायला आजवरचा अनुभव तरी आधार देत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी वेळापत्रक लिहून घ्यावे. दर तासाला कोणत्या मिनिटाला लोणावळ्याहून सुटणार, कामशेतला केव्हा, वडगावला केव्हा, आणि त्या मिनिटाला एसटीची गाडी बाहेर उभी असणार की नाही. घाटातून कर्जतपर्यंत दिवसाला निदान चार साध्या गाड्या नेता येतात का, त्याची चाचणी कोण आणि कधी घेणार, तेही त्यातच यावे.

यातले काहीही तज्ज्ञांवाचून अडलेले नाही. तीन गोष्टी करारनाम्यात लिहून घ्यायच्या आहेत: किती मिनिटांनी गाडी, दिवसाच्या कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, आणि ती दिली नाही तर जाब कोणी द्यायचा. तळेगाव दाभाडे आणि लोणावळा या नगरपरिषदा आणि वडगाव, देहू या नगरपंचायती यांना असा ठराव करून तो जिल्हा नियोजन समितीकडे, पीएमआरडीएकडे आणि रेल्वेच्या पुणे विभागाकडे पाठवता येतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आज समोर या चारही ठिकाणचे काही सदस्य बसले आहेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालायला त्यांना किती दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते, ते त्यांनी व्यासपीठावर येऊन सांगावे. माझे बोलणे झाले आहे.